भाड्यावर सहाशे वर्षे उभा राहिलेला पूल

लंडनच्या जुन्या पुलाची हकीकत आणि व्यापाऱ्यांनी त्यातून घ्यावयाचा धडा

पूल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नदी ओलांडण्याचा रस्ता. त्यावर कोणी घर बांधून राहील, खाली दुकान थाटील, वरच्या मजल्यावर मुलाबाळांसह संसार करील आणि खिडकीतून बादली सोडून नदीचे पाणी भरील, ही कल्पना सहजासहजी पटत नाही. परंतु मध्ययुगात असे पूल अनेक शहरांत होते. त्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे थेम्स नदीवरचा लंडनचा जुना पूल. पाचशेहून अधिक वर्षे तो एक भरभराटीची बाजारपेठ होता.

व्यापार-उदिमाच्या या पानावर पुलाचा इतिहास कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की ही हकीकत मुख्यतः दगड-चुन्याची नाहीच. ती आहे भाड्याची, हिशेबाची आणि अमानतीची. सार्वजनिक कामासाठी ठेवलेली मिळकत नीट सांभाळली तर काय होते, आणि तिचे उत्पन्न भलतीकडे वळले तर काय होते, या दोन्ही गोष्टी या एकाच पुलावर पाहावयास मिळतात. वक्फच्या गाळ्यात धंदा करणाऱ्या किंवा वक्फचा कारभार पाहणाऱ्या आपल्या बांधवांना त्यात बरेच ओळखीचे वाटेल.

पूल कसा उभा राहिला

लंडनला नदीवर पूर्वी लाकडी पूल असत. कधी ते जळत, कधी पुरात वाहून जात. दर पिढीला नवा पूल आणि नवा खर्च. अखेर ११७६ साली, दुसरा हेन्री राजा असताना, पीटर नावाच्या एका धर्मगुरूने दगडी पूल बांधावयास घेतला. तो कोलचर्च येथील प्रार्थनागृहाचा पाद्री होता आणि लाकडी पुलाची दुरुस्तीही त्यानेच केली होती. काम ३३ वर्षे चालले. पीटर १२०५ साली वारला, त्याला पुलावरच्याच छोट्या प्रार्थनागृहात पुरले. चार वर्षांनी, १२०९ मध्ये, पूल पुरा झाला. शेवटचे काम लंडनच्या तीन व्यापाऱ्यांनी तडीस नेले, अशी नोंद सोळाव्या शतकातील इतिहासकार जॉन स्टो याने केली आहे. त्यांपैकी एकाचे नाव सर्ल मर्सर. मर्सर म्हणजे कापडाचा व्यापारी.

पूल सुमारे ९०० फूट लांब होता आणि १९ दगडी खांबांवर उभा होता. कमानी सगळ्या सारख्या नव्हत्या, जिथे पाया लागला तिथे खांब घातला. खांबाचा पाया घालण्याची रीत अशी: ओहोटीच्या वेळी नदीच्या तळात एल्म झाडाचे लांब खुंट ठोकून एक कुंपण करावयाचे, त्यात दगड-गोटे भरावयाचे आणि त्यावर खांब चढवावयाचा. पुढे या खुंटांना धक्का लागू नये म्हणून बाहेरून आणखी खुंट ठोकत गेले. त्यामुळे प्रत्येक खांबाभोवती होडीच्या आकाराचा मोठा ओटा तयार झाला. या ओट्यांनी नदीची निम्म्याहून अधिक रुंदी अडवली. ओहोटीला पुलाच्या दोन बाजूंच्या पाण्यात पाच-सहा फुटांचा फरक पडे आणि कमानींतून पाणी धबधब्यासारखे कोसळे. त्यातून होडी काढणे जिवावरचे काम असे. शहाणे उतारू पुलाअलीकडे उतरून चालत पलीकडे जात आणि पुन्हा होडीत बसत. नदी अशी तुंबल्यामुळे कडक हिवाळ्यात पुलावरचे पाणी गोठे. १६८३-८४ च्या थंडीत तर व्यापाऱ्यांनी गोठलेल्या नदीवरच दुकानांच्या रांगा लावून बाजार भरवला होता.

दुकाने का बांधली

पूल बांधणे एक, तो टिकवणे दुसरे. भरती-ओहोटी रोज दोनदा पायाला चाटून जाई. दरवर्षी खुंट बदलावे लागत, दगड भरावे लागत. हा खर्च कोठून आणावयाचा? यावर काढलेली युक्ती जॉन राजाच्या एका पत्रात आढळते. पूल पुरा करण्यासाठी फ्रान्समधील इझेमबर्ट नावाच्या जाणकाराची त्याने लंडनकरांकडे शिफारस केली. ते पत्र १२०२ च्या सुमाराचे आहे. पुलावर जी घरे बांधली जातील त्यांचे भाडे कायमचे पुलाच्या दुरुस्तीसाठीच वापरले जावे, असे त्या पत्रात म्हटले आहे.

म्हणजे दुकाने पुलावर मागाहून चढलेले अतिक्रमण नव्हती. पूल ज्या योजनेने उभा राहिला त्या योजनेचाच ती भाग होती. पूल दुकानदाराला गिऱ्हाईक देई आणि दुकानदार पुलाला भाडे देई. लंडन शहरात १७५० पर्यंत थेम्सवर दुसरा पूल नव्हता. दक्षिणेकडून शहरात येणारा प्रत्येक गाडीवाला, घोडेस्वार आणि पादचारी याच रस्त्याने जाई. अशी जागा कोणत्या दुकानदाराला नको असेल?

भाड्याखेरीज दुसरे उत्पन्नही होते. मालाच्या गाड्यांवर आणि पुलाखालून जाणाऱ्या जहाजांवर जकात होती. पुलावरच्या प्रार्थनागृहात प्रवासी पैसे टाकत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांनी केलेली दाने. मरतेवेळी अनेक लंडनकर आपले घर, जमीन किंवा तिचे भाडे 'देवाला आणि पुलाला' लिहून देत. १२८२ च्या सुमारास शहराचा महापौर हेन्री ल वॅलिस याने शहराच्या मध्यभागी मांस-मासळीचा एक बाजार बांधला आणि त्याच्या गाळ्यांचे भाडे पुलाला लावून दिले. तो 'स्टॉक्स मार्केट' म्हणून चारशेहून अधिक वर्षे चालला.

आपल्या वाचकांना हे वाचून वक्फची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मूळ मिळकत विकावयाची नाही, तिचे उत्पन्न मात्र ठरलेल्या कामी खर्चावयाचे. लंडनचे लोक ख्रिस्ती होते, त्यांचा कायदा वेगळा होता, तेव्हा त्याला वक्फ म्हणता येणार नाही. परंतु सदका-ए-जारियाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला या दानामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही.

राणीची चूक

आता या हकीकतीचा सर्वांत बोलका भाग. १२६९-७० मध्ये तिसऱ्या हेन्री राजाने पुलाचा ताबा आणि त्याचे सगळे उत्पन्न आपली राणी एलिनॉर हिला दिले. राणीने भाडी घेतली, पण दुरुस्ती केली नाही. पुलाची अवस्था वाईट होत चालली तशी नागरिकांनी नव्या राजाकडे, पहिल्या एडवर्डकडे, तक्रार नेली. तोवर फार उशीर झाला होता. १२८१-८२ च्या हिवाळ्यात नदी गोठली, बर्फाचा दाब खांबांवर आला आणि पाच कमानी कोसळल्या.

दहा-बारा वर्षे भाडे घेऊन दुरुस्ती न केल्याचा हा हिशेब होता. राणीने वाचवलेल्या पैशांपेक्षा पाच कमानी नव्याने बांधण्याचा खर्च कितीतरी पट मोठा. मग राजाला जादा जकात बसवावी लागली. विक्रीचा माल घेऊन पायी जाणाऱ्याला फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि घोडेस्वाराला एक पेनी. शेवटी भुर्दंड पडला तो व्यापाऱ्यांनाच.

यानंतर शहराने पुलाचा कारभार आपल्या हाती घट्ट धरला. 'ब्रिज हाऊस' नावाची संस्था मजबूत झाली. शहराचे नागरिक दोन कारभारी निवडत. नदीच्या दक्षिण काठावर त्यांची वखार होती. तिथे दगड, लाकूड, खुंट, चुना यांचा साठा कायम ठेवलेला असे. संकट आल्यावर माल शोधत हिंडावे लागू नये हा हेतू. गवंडी, सुतार यांच्याबरोबर 'टाइडमन' म्हणजे ओहोटीचे कामगार नेमलेले होते. ओहोटी लागली की ते होड्या घेऊन निघत, दोरांनी वजनदार ठोकळा वर ओढून खुंटावर आपटत आणि भरती येण्यापूर्वी परत येत. रोज थोडे थोडे, पण खंड नाही. १३८१ पासूनच्या त्यांच्या हिशेबाच्या वह्या आजही जवळजवळ सलग उपलब्ध आहेत. कोणत्या आठवड्यात कोणाला किती मजुरी दिली ते त्यांत वाचता येते. सहाशेहून अधिक वर्षांनंतर दाखवता येईल असा हिशेब ठेवणारे कारभारी किती ठिकाणी सापडतील?

पुलावरची बाजारपेठ

१३५८ च्या नोंदीत पुलावर १३८ दुकाने आहेत. पुलाची एकूण रुंदी जेमतेम वीस-पंचवीस फूट. त्यातून मधला रस्ता वगळला तर दुकानाला फारशी जागा उरत नव्हती. म्हणून घराचा पुढचा भाग पुलावर टेकवलेला असे आणि मागचा भाग लाकडी तुळयांवर नदीच्या पाण्यावर लोंबता असे. तळमजल्यावर दुकान, वर राहण्याच्या खोल्या. काही ठिकाणी समोरासमोरची दोन घरे वरच्या मजल्यावर रस्त्यावरून जोडून घेतलेली होती, त्यामुळे खालून जाणाऱ्याला बोगद्यातून गेल्यासारखे वाटे. संडास थेट नदीवर.

धंदे कोणते होते? मध्ययुगात हातमोजे शिवणारे, चाकू-सुऱ्या करणारे, धनुष्ये आणि बाण बनवणारे, कमरेच्या थैल्या शिवणारे. आपल्याकडे कटलरीच्या दुकानात मिळतो तसा टोप्या, फिती, टाचण्या, सुया असा किरकोळ माल विकणारे तर पुष्कळच. पुढे पुस्तकविक्रेते आणि सुया बनवणारे यांचे नाव झाले. थोडक्यात, माल लहान पण किंमत बरी, जागा कमी लागणारी आणि येता-जाता खरेदी करता येण्यासारखी. पुलावरच्या दुकानदाराने जागेला शोभेल असाच धंदा निवडला होता.

१५७७ ते १५७९ मध्ये पुलावर 'नॉनसच हाऊस' नावाची एक भव्य चार मजली लाकडी इमारत उभी राहिली. ती हॉलंडमध्ये तयार करून, सुटे भाग जहाजाने आणून येथे जोडली. खिळ्यांऐवजी लाकडी मेखा वापरल्या होत्या असे सांगतात. आपल्या सुतार बांधवांना त्यातील कसब कळेल. १५८२ च्या सुमारास पीटर मॉरिस नावाच्या परदेशी कारागिराने उत्तरेकडच्या कमानीत पाणचक्की बसवली. जो जोराचा प्रवाह होड्या बुडवीत होता त्यानेच शहराला पाणी चढवून देण्यास सुरुवात केली.

आग, आणि आगीने झालेला फायदा

पुलावरच्या बाजारपेठेचा मोठा शत्रू म्हणजे आग. पूल पुरा झाल्यावर तीनच वर्षांनी, १२१२ च्या जुलैत, दक्षिण काठावर आग लागली. ती पाहण्यास आणि विझवण्यास लोक पुलावर धावले. वाऱ्याने ठिणग्या उत्तर टोकावर नेल्या आणि माणसे दोन आगींच्या मध्ये सापडली. खूप लोक दगावले. जुन्या बखरींत तीन हजारांचा आकडा येतो, तो फुगवलेला समजला जातो. पण अरुंद जागेत दोन्ही तोंडे बंद झाली की काय होते ते सांगावयास आकड्याची गरज नाही. आपल्याकडील दाटीवाटीच्या मार्केटमध्ये ज्यांनी धंदा केला आहे त्यांना ते ठाऊक आहे.

दुसरी मोठी आग १६३३ च्या फेब्रुवारीत लागली. सुया बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी मोलकरणीने गरम राखेचे घमेले लाकडी जिन्याखाली ठेवले. रात्री जिना पेटला. नदी गोठलेली असल्याने पाणी काढता येईना. उत्तरेकडची चाळीसहून अधिक घरे जळाली. ही जागा पुढे बरीच वर्षे पुरती भरून निघाली नाही. आणि हीच रिकामी जागा शहराच्या उपयोगी पडली. १६६६ साली लंडन शहराचा मोठा भाग भस्मसात करणारी आग पुलाच्या उत्तर टोकापर्यंत आली आणि मध्ये जळण्यासारखे काही न मिळाल्याने तिथेच थांबली. पुलाचा बाकीचा भाग आणि दक्षिणेकडची वस्ती बचावली. बाजारात दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा सोडणे म्हणजे भाड्याचे नुकसान, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

या काळात भाड्याच्या पद्धतीविषयीही शिकण्यासारखे आहे. ब्रिज हाऊस पुष्कळदा लांब मुदतीचे भाडेपट्टे देई. सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम घ्यावयाची आणि मग वार्षिक भाडे कमी ठेवावयाचे. मुंबईतील पागडीशी परिचय असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. हाती पैसा लवकर येतो हा यात फायदा. पण पुढच्या पिढ्यांचे उत्पन्न आजच खर्ची पडते हा तोटा. म्हणून अशी रक्कम कोठे जाते हे पाहणे मुतवल्लीचे पहिले काम.

दुकाने का उठली

अठराव्या शतकात पूल स्वतःच्याच यशाखाली गुदमरू लागला. मधला रस्ता काही ठिकाणी बारा ते पंधरा फूट. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये जनावरे, कडेला गिऱ्हाईक. कोंडी तासन्तास सुटत नसे. १७२२ साली महापौराने माणसे नेमून हुकूम केला की शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांनी पूर्वेची बाजू धरावी आणि आत येणाऱ्यांनी पश्चिमेची. म्हणजे प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताने जावे. वाहतूक डावीकडून ठेवण्याच्या इंग्लंडमधील सुरुवातीच्या हुकमांपैकी हा एक होय.

त्याने भागले नाही. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा नवा, रुंद, मोकळा पूल सुरू झाला. ज्या दुकानदाराची सारी भिस्त एका रस्त्यावरच्या वर्दळीवर असते त्याला दुसरा रस्ता निघाला की काय होते, हे सांगावयास नको. १७५६ साली कायदा झाला आणि १७५८ ते १७६२ या काळात पुलावरची सगळी घरे-दुकाने पाडण्यात आली. १७५९ मध्ये मधला एक खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान केली. त्याने नवीच भानगड उद्भवली. पाण्याचा जोर त्या मोठ्या कमानीत एकवटला आणि शेजारच्या खांबांचा पाया धुपू लागला. जॉन स्मीटन या अभियंत्याच्या सल्ल्याने पाडलेल्या शहरवेशींचे दगड घाईघाईने नदीत टाकावे लागले. जुन्या इमारतीतील एक खांब काढताना बाकीच्या खांबांचा विचार करावा लागतो, हे आपल्या गवंडी बांधवांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

१८३१ साली जॉन रेनीच्या आराखड्याप्रमाणे नवा पूल शेजारीच उघडला आणि जुना पूल पाडण्यात आला. रेनीचा पूलही पुढे अपुरा पडला. १९६८ मध्ये तो एका अमेरिकन उद्योजकाने विकत घेतला आणि त्याचे दर्शनी दगड अॅरिझोनातील लेक हवासू सिटी येथे नेऊन बसवले. आजचा साधा काँक्रीटचा पूल १९७३ सालचा आहे.

इतर बाजार-पूल

लंडनचा पूल गेला तरी त्याचे भाईबंद शिल्लक आहेत. इटलीतील फ्लॉरेन्सचा पॉन्ते व्हेक्यो १३४५ मध्ये बांधला. तिथे खाटकांची दुकाने होती. १५९३ साली तेथील सत्ताधीशाने दुर्गंधीमुळे त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. आजही तिथे सोनारच आहेत. जर्मनीतील एरफुर्टच्या १३२५ च्या दगडी पुलावर ३२ घरे अजून उभी आहेत आणि त्यांत लोक राहतात.

आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा तो तुर्कस्तानातील बुर्सा शहराचा इरगांदी पूल. बुर्सा हे रेशमाच्या व्यापाराचे मोठे केंद्र. तिथे १४४२ साली खोजा मुस्लिहुद्दीन या व्यापाऱ्याने ओढ्यावर दुकानांच्या दोन ओळी असलेला पूल बांधला. १८५५ च्या भूकंपाने त्याचे नुकसान झाले. १९२२ मध्ये माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने तो उडवला. १९४९ मध्ये तो पुन्हा बांधला गेला आणि २००४ मध्ये त्यावर कारागिरांची दुकाने परत सुरू झाली. बाजार आणि लोकोपयोगी काम यांची सांगड घालणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नव्हते.

आज काय उरले

पूल पाडला गेला, दुकाने गेली, पण मिळकत राहिली. शतकानुशतके जपलेल्या आणि वाढवलेल्या त्या दानाच्या मालमत्तेतून आजही लंडनमधील पाच पुलांचा सांभाळ होतो. प्रसिद्ध टॉवर ब्रिज त्यांपैकीच एक. हा खर्च करदात्यांवर पडत नाही. १९९५ पासून पुलांचा खर्च भागून उरलेली रक्कम शहरातील गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याची मुभा मिळाली. २०२३ पासून ही संस्था 'सिटी ब्रिज फाउंडेशन' या नावाने ओळखली जाते. आठशे वर्षांपूर्वी एखाद्या हातमोजेवाल्याने दिलेले भाडे, त्याचे नावही कोणाला ठाऊक नसताना, असे आजवर कामी येत आहे.

या हकीकतीचा सार एवढाच. भाडेकरूने भाडे वेळेवर आणि रास्त द्यावे, कारण त्याच्याच पायाखालचा पूल त्यावर उभा असतो. कारभाऱ्याने ते भाडे आधी दुरुस्तीत घालावे आणि हिशेब सर्वांसमोर ठेवावा. आणि जमातीने दोघांनाही दरवर्षी जाब विचारावा. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या वक्फच्या इमारतीचे छत गळत असेल तर पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारून पाहा: गेल्या वर्षीच्या भाड्यातील किती रक्कम दुरुस्तीला लागली? उत्तर चटकन मिळाले तर अल्हम्दुलिल्लाह. न मिळाले तर राणी एलिनॉरच्या पाच कमानी आठवाव्यात, आणि हिवाळा येण्याची वाट पाहू नये.